मुका मीटर

१

ज्या टाकीत माणूस मेला, तिचा जिना पिवळाधमक रंगवलेला होता. प्रत्येक पायरीच्या कडेला काळा पट्टा, अगदी चित्रातल्यासारखा.

हा थाट माझ्यासाठी होता. ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत बनवणाऱ्या या प्रकल्पाची सुरक्षा तपासायला मी येणार, हे त्यांना आधीच कळवलेलं होतं. आणि तपासनीस येणार म्हटलं की कुठेही पहिलं काम निघतं ते रंगाचं. पाहुणे यायचे असले की आपण नाही का पसारा पलंगाखाली ढकलत, तसंच. इथे तो ढकलताना एक जीव गेला होता, एवढाच फरक.

आदल्या सकाळची गोष्ट. टाकीत गाळ ढवळणारा पंखा चिंध्यांनी अडकला होता. बाई यायच्या आत तो फिरलाच पाहिजे, असं साहेबांनी फर्मावलं. साहेब म्हणजे इथले व्यवस्थापक. टाकीवर काम करणारे दोघे सख्खे भाऊ, सगळे त्यांना थोरला आणि धाकटाच म्हणत. थोरला कमरेला दोर बांधून आणि छातीवर गॅसमीटर लावून आत उतरला. धाकट्यानं वर, टाकीच्या तोंडाशी, दोर धरून उभं राहायचं होतं.

"आणि तो नव्हता तिथे!" साहेब म्हणाले. "स्वतःच कबूल करतोय. म्हणे पहार आणायला गेलो होतो, येऊन बघतो तर भाऊ गाळात पालथा. आता यात प्रकल्पाचा काय दोष, मॅडम? तुमच्या अहवालात एवढं एक वाक्य आलं की आम्ही सुटलो."

"आणि तो?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर फाटकाशी धाकटा उकिडवा बसला होता. केस विरळ व्हायला लागलेला, चांगला थोराड माणूस, पण बसला होता पोत्यासारखा. पायातले गमबूट कालपासून काढले नव्हते. काढणार कुठे? घरी गेला तर आईनं दार उघडलं नव्हतं. "भावाला टाकून गेलास ना? मग आता इथे कुणाकडे आलास?" एवढंच ती आतून म्हणाली होती.

माझा अहवाल संध्याकाळी जायचा होता. तो गेला की पोलीस याला घेऊन जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही.

मी त्याच्यासमोर जाऊन बसले. "पहार आणायला गेला होतास?"

"हो."

"मग पहार कुठंय?"

"मॅडम, लिहून टाका ना. मी गेलो, म्हणून दादा मेला. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

या नोकरीत हात वर करणारी माणसं मी पोत्यानं बघितली आहेत. 'मी नाही, तो', 'तो नाही, यंत्र', 'यंत्र नाही, नशीब'. पण दोष असा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेणारा पहिलाच.

मी परत साहेबांच्या खोलीत आले. थोरल्याचा मीटर त्यांनी टेबलावर ठेवला होता. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा. सडक्या अंड्यांच्या वासाचा जो विषारी गॅस गाळात साठतो, तो हवेत आला की हा कर्कश ओरडतो. ओरडायलाच हवा, कारण तो गॅस जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास यायचाच बंद होतो. मी कपाटातली तपासणीच्या गॅसची बाटली घेतली, तिचं सील तोडलं आणि मीटरसमोर थोडा गॅस सोडला.

मीटर असा किंचाळला की चहा घेऊन आलेल्या माणसाच्या हातून कप पडला.

"बघा!" साहेबांचा चेहरा उजळला. "मीटर एकदम उत्तम आहे."

"उत्तम आहे," मी म्हटलं. "मग काल का नाही ओरडला?"

२

"ओरडला नाही, एवढं मी देवाशपथ सांगते," लॅबवाली म्हणाली. गाळाचे नमुने तपासणारी ही मुलगी कालपासून रडून रडून सुजली होती. "माझी खिडकी टाकीसमोरच आहे, मॅडम. तिकडे कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं."

"मग काय ऐकलंस?"

"धाकटा 'दादा, दादा' करत होता. आधी वाटलं, नेहमीसारखी थट्टा चाललीय. हे दोघे कायम एकमेकांची खोडी काढणारे. मग त्या हाका थांबेचनात."

"हाका कुठून येत होत्या?"

"टाकीवरून. मग आम्ही सगळे पळालो. जिना नुसता दणाणला."

"आणि त्याआधी? कुणी जिन्यानं खाली उतरल्याचा आवाज?"

"नाही बाई. लोखंडी जिना आहे, मांजर उतरलं तरी वाजतो."

रंगारी जिन्याशीच होता, डबा बंद करून बसलेला. "ताई, माझं काम तुडवून टाकलं हो सगळ्यांनी," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचीच त्याला लाज वाटली. "तसं नाही म्हणायचं मला. कुणाचा जीव चालला असताना रंग कोण बघतो?"

"तू रंगवलंस कधी?"

"ते दोघे वर चढले, मग. खालपर्यंत रंगवत आलो आणि ओरडून सांगितलं, वाळेपर्यंत उतरायचं नाही. थोरला वरून म्हणाला, 'म्हणजे कोंडलंस की रे आम्हाला!'" रंगाऱ्यानं डोळे पुसले, त्यामुळे गालावर पिवळा फराटा उठला. "हसत होता हो."

माझे गुडघे आता जिने चढायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. तरी मी एकेका पायरीवर बसून वर गेले. लोक ओल्या रंगातून धावले होते आणि रंग तसाच वाळला होता. चपलांचे ठसे होते, बुटांचे होते, वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांवर पडलेले. गमबुटाचा ठसा मात्र लगेच ओळखू येतो, तळाला जाड आडव्या खाचा असतात त्याला. तसे ठसेही होते. टाच जोरात दाबलेली, जड ओझं घेऊन उतरणाऱ्या माणसाची. थोरल्याला खाली आणतानाचे.

पण प्रत्येक गमबुटाचं टोक खालच्या दिशेला होतं. वर जाणारा गमबूट एकाही पायरीवर नव्हता.

"दुसरा जिना?" मी वरून विचारलं.

"नाही ना ताई, हा एकच."

हा आणखी एक दोष, पण तो नंतर. पहार आणायला गेलेला माणूस ओल्या रंगातून उतरेल एक वेळ, पण परत वर येताना काय उडत आला?

धाकटा जागचा हललाच नव्हता. मग भाऊ बुडताना तो नुसता बघत उभा होता? माझ्या मनात एक फार घाणेरडा विचार आला. खाली आले ती तडक त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, "हात दाखव."

त्यानं मुठी आवळल्या. मी लहान मुलाच्या उघडाव्यात तशा त्या उघडल्या. दोरानं दोन्ही तळहातांची सालं गेली होती, आतलं लाल मांस दिसत होतं. हा माणूस बघत उभा नव्हता. आणि तरीही खोटं बोलत होता.

३

साहेबांच्या खोलीत परतून मी मीटर पुन्हा हातात घेतला, आणि या वेळी यंत्र म्हणून न बघता वस्तू म्हणून बघितला.

थोरला गाळात पालथा पडला होता. त्याचं शिरस्त्राण, हातमोजे, शर्टाची बटणंसुद्धा गाळानं भरलेली. छातीवरचा मीटर तेवढा स्वच्छ. धुतला असता तरी आवाजाच्या बारीक भोकांत, स्क्रूच्या खाचांत काहीतरी राहिलंच असतं. तिथे कणही नव्हता. काचेवर ओरखडा नाही. मागची चिमटीची पट्टी मात्र झिजून पांढरी पडलेली. बाकी मीटर जसा काही कालच दुकानातून आणलाय.

"दुसरा मीटर आहे का?"

साहेबांनी कपाटातून काढून दिला. तोही तसाच, चिमटी म्हातारी आणि अंग तरणं.

"छान राखलेत," मी म्हटलं.

"राखणारच," साहेब खुलले. "मागे एकानं मीटर गाळात बुडवला, त्याला त्याच दिवशी घरी बसवला. सगळ्यांना सांगून ठेवलंय, मीटर खराब झाला तर मीटर नाही बदलणार, माणूस बदलीन."

"आणि या बाटलीतल्या गॅसनं मीटर तपासायचा असतो, रोज वापरायच्या आधी. तिचं सील आज मी तोडलं."

दारातून लॅबवाली हळूच पुटपुटली, "कधी उघडलीच नव्हती ती."

दुसऱ्या मीटरच्या चिमटीत काहीतरी अडकलं होतं. मी नखानं ओढलं. इवलासा दोऱ्याचा तुकडा, जाड, किरमिजी रंगाचा.

"हे काय?"

साहेबांनी त्या एवढ्याशा दोऱ्याकडे फार वेळ बघितलं. "कुणाच्या कपड्याचा असेल."

इथे सगळ्यांचे कपडे निळे. साहेबांचा शर्ट पांढरा. किरमिजी रंग या आवारात शोधून सापडला नसता.

४

तो मला त्यांच्या घरात सापडला.

मी खरं तर आईला दार उघडायला सांगायला गेले होते. अहवाल काय द्यायचा तो देईन, पण माणसानं निदान बूट काढून पाय धुवावेत, एवढाच माझा विचार. तळमजल्यावरची एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, बाजूला दुकानासाठी शिवलेल्या पिशव्यांचा ढीग. थोरल्याला अजून दवाखान्यातून आणलं नव्हतं. शेजारीण चहा पुढे करत होती, आई तो बाजूला सारत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली.

"तुम्हीच का त्या तपासणाऱ्या?" ती म्हणाली. "मग एकच सांगा बाई. तो तिथे होता का नव्हता? होता म्हणालात तर आत्ता उठून दार उघडते. नव्हता म्हणालात, तर माझे दोन्ही गेले."

माझ्या जिभेवर उत्तर होतं. पण होता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी नजर चुकवून खोलीभर बघायला लागले.

खोलीतल्या प्रत्येक वस्तूला कव्हर होतं. मिक्सरला, पंख्याच्या बटणाला, चष्म्याच्या घराला. जाड पारदर्शक प्लास्टिक आणि कडेनं बारीक, सरळ, सुरेख शिलाई. टीव्हीचा रिमोटही त्यात घट्ट बसवलेला.

"वस्तू जपली की टिकते," माझी नजर बघून ती म्हणाली. "पोरं चिडवायची मला. म्हणायची, आई, एक दिवस आम्हालाही कव्हर शिवशील." तिनं रिमोट उचलून उगाच पदरानं पुसला. "त्यांच्या साहेबांनीसुद्धा निरोप पाठवला होता, फार छान शिवलंय म्हणून. थोरला किती खूश होता त्या दिवशी."

रिमोटच्या कडेची शिलाई किरमिजी होती. मशीनवरचं रीळही.

मी उठले. चहा न घेताच निघाले. शेजारणीला वाटलं असेल, काय उद्धट बाई आहे.

५

धाकटा माझ्या मागोमाग आला होता. गल्लीच्या तोंडाशी उभा.

"आत काय बघितलंत?"

"रिमोट."

तो मटकन खालीच बसला. रस्त्यातच. एक सायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला.

"तू हलला नव्हतास," मी त्याच्या शेजारी टेकत म्हटलं. "जिन्यानं सांगितलं मला."

मग तो बोलायला लागला आणि थांबेना.

"मीटरवर शून्य होतं. दादा म्हणाला, शून्य आहे, उतरतो. खाली गाळावर साय धरलेली असते, पाय पडला आणि ती मोडली. आणि तो बसला. दमल्यासारखा, असा. मग कलंडला. मी ओढला. ओढला हो मॅडम! एकट्यानं नाही येत माणूस वर. खाली उतरणार होतो, पण त्यानं शपथ घातलेली. मी पडलो तरी तू उतरायचं नाहीस, आईला एक तरी राहू दे. रोज म्हणायचा. मी रोज हसायचो."

"आणि मीटर?"

"लोक आले, मग काढला त्याला वर. छातीवरचा मीटर सोडवायला गेलो आणि बोटाला शिलाई लागली." त्यानं ते बोट दुसऱ्या हातात धरलं. "तेव्हा कळलं, तो का नाही ओरडला. त्याला हवाच पोचत नव्हती. सगळे गाडी आणायला पळाले, तेवढ्यात मी कव्हर काढलं."

"कुठंय ते?"

तो नुसता आपल्या गमबुटांकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं नाही.

"आईला कळता कामा नये, मॅडम. मी पळालो म्हणून ती मला शिव्या देईल, तोंड बघणार नाही, पण जगेल. हे कळलं तर नाही जगणार ती. माझंच नाव घाला. पाया पडतो."

"तुझं नाव घातलं की हा प्रकल्प उद्या चालू. साहेब सुटले. आणि दुसऱ्या मीटरवर पुन्हा कव्हर चढलं की उद्या कुणाचा तरी दादा शून्य बघून खाली उतरणार."

त्यानं रडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

"कव्हर घालायचं कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"दादानं जेवणाच्या डब्याला घातलेलं साहेबांनी बघितलं. म्हणाले, असं मीटरला शिवून आण. दोन्ही. घातल्याशिवाय मीटर हातात द्यायचे नाहीत."

६

संध्याकाळी मी सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं.

"दुसऱ्या मीटरचं कव्हर द्या," मी म्हटलं.

"कसलं कव्हर?" साहेब म्हणाले.

"अहो साहेब," लॅबवाली न राहवून बोलली, "तेच नाही का, सगळ्यांना हातात घेऊन दाखवलं होतंत? वस्तू कशी जपावी ते यांच्याकडून शिका म्हणून?"

मग साहेबांचा हात, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, खणाकडे गेला. कव्हर कागदात गुंडाळलेलं होतं. बातमी आल्याबरोबर काढून ठेवलेलं. म्हणजे मीटर का मुका राहिला, हे या आवारात दोघांनाच पहिल्या क्षणी कळलं होतं. एकानं ते आईसाठी लपवलं, एकानं खुर्चीसाठी.

मी मीटर त्यात घातला. अगदी अंगचं असावं तसं बसलं. पारदर्शक, त्यामुळे आतला आकडा लख्ख दिसत होता. बाटलीतला गॅस समोर सोडला. फुस्स आवाज येत राहिला. मीटर शून्य. अजून शून्य. सगळे त्या शून्याकडे बघत होते. रंगाऱ्यानं तोंड फिरवलं.

मग मी कव्हर ओढून काढलं आणि मीटर किंचाळायला लागला. मी तो मुद्दाम बंद केला नाही.

"मी काय..." साहेबांनी कान झाकले. "मी मुद्दाम केलं का? महागाची वस्तू जपायला सांगितली!"

"हो," मी म्हटलं. "तेवढीच जपायला सांगितलीत."

अहवाल मी तिथेच बसून लिहिला. मीटरवर व्यवस्थापकांच्या हुकमावरून आवरण. मीटरची चाचणी कधीच नाही. माणूस वर खेचायला यंत्र नाही, नुसता दोर. टाकीला एकच जिना. प्रकल्प बंद ठेवावा. वर उभा असलेला कामगार शेवटपर्यंत जागेवर होता, पुरावा जिन्यावर आहे, कृपया रंग खरवडू नये. कव्हर कुणी शिवलं, हे अहवालात कुणी विचारत नाही. ते घालायला कुणी लावलं, एवढंच विचारतात. या एका गोष्टीबद्दल मी आमच्या खात्याची जन्मभर ऋणी राहीन.

७

धाकट्याला मी बरोबरच घेऊन गेले. तो दाराबाहेर थांबला, मी आत.

"तो होता," मी आईला म्हटलं. "एक पाऊलही हलला नाही. ओल्या रंगात त्याचं वर येणारं पाऊल नाही. हाताची सालं जाईपर्यंत ओढत होता. अहवाल गेलाय, पोलीस त्याला नेणार नाहीत."

तिचा चेहरा सैल पडला, जसा काही कुणी आतला दोर सोडला. ती उठली. दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि तिथेच थांबली.

"मग तो खोटं का बोलला?"

खोटं सांगायला मला जमलं असतं, या धंद्यात ऐकून ऐकून कुणालाही जमेल. पण तिच्या डोळ्यांत बघून जमेना.

"गॅसचा तो मीटर," ती दाराशीच, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वाजला नाही का?"

मी गप्प राहिले. शेजारीण माझ्या तोंडाकडे बघत होती. मशीनच्या पायावर किरमिजी दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

आईनं तिसरा प्रश्न विचारला नाही. तिचा हात कडीवर तसाच होता, आणि पाठ हळूहळू वाकत गेली, म्हातारं माणूस एकदम म्हातारं व्हावं तशी. मला वाटलं, आता ती खाली बसणार आणि पुन्हा कधी उठायची नाही.

तिनं दार उघडलं.

धाकटा समोरच होता. मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं. या घराचा उंबरा त्यानं जन्मात पायताणासकट ओलांडला नसणार. तो सवयीनं वाकला, बुटाला हात घातला आणि तसाच थिजला. उजव्या गमबुटाच्या तोंडातून पारदर्शक प्लास्टिकचा एक कोपरा वर आला होता. त्यानं पटकन त्यावर पंजा ठेवला.

आईनं त्या पंजाकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "बुटांसकट ये आत."

तो आत आला. पिवळ्या रंगाचे वाळके तुकडे फरशीवर पडत गेले. ती ते बघत राहिली, मग त्याच्या सोललेल्या हातांखाली आपला पदर धरून म्हणाली, "ओढत होतास ना? मला माहितीय. ओढत होतास."